घोडबंदरला जाणारे दोन रस्ते

ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यावरून उत्तरेला निघालेला रस्ता मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशी गावे मागे टाकत गायमुखच्या चढाला लागतो. पुढे डोंगर आणि खाडी यांच्या मधून वळणे घेत तो घोडबंदरजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. लांबी जेमतेम वीस किलोमीटर. नकाशांत तो राज्य महामार्ग क्रमांक ४२ म्हणून नोंदलेला आहे, बोलण्यात मात्र तो 'घोडबंदर रोड'च. दुसरीकडे वांद्रे, सांताक्रूझ किंवा मालाडमध्ये जुन्या माणसांशी बोलावे, तर तीही आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला 'घोडबंदर रोड' म्हणतात. तो रस्ता म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा.

म्हणजे साष्टी बेटाच्या पूर्व अंगाला एक घोडबंदर रस्ता आणि पश्चिम अंगाला दुसरा. दोघांच्या मध्ये आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगरी मुलूख आहे. आज फारसे कोणी मुक्कामाला जात नाही अशा एका खाडीकाठच्या गावाचे नाव दोन्ही बाजूंच्या रस्त्यांना का मिळाले? या दोघांपैकी आधीचा कोणता? आणि एकाच नावाच्या दोन रस्त्यांपैकी एक महापालिकेचा मार्ग आणि दुसरा राज्य महामार्ग, ही विभागणी कशी झाली? या प्रश्नांचे सरळ उत्तर देणारा एकच कागद नाही. प्रवासवर्णन, लढाईची पत्रे, तह, बांधांच्या कामाच्या नोंदी, जिल्हा गॅझेटियर आणि रेल्वेचे वेळापत्रक हे पुरावे शेजारी ठेवून उत्तर जुळवावे लागते. या प्रत्येक साधनाचे वजन वेगळे आहे, म्हणून पुढे जिथे अनुमान आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे जमीन. गायमुखजवळ येऊरच्या डोंगराचे पाय खाडीच्या जवळ येऊन टेकतात आणि मधे उरते ती अरुंद पट्टी. ठाण्याहून घोडबंदरला पायी, बैलावर किंवा गाडीने जाणाऱ्याला या पट्टीतूनच जावे लागते, कारण एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला पाणी आहे. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतचा भाग सपाट आहे. तिथे वाट शतकानुशतके थोडी इकडे, थोडी तिकडे सरकली असेल. गायमुखला मात्र आजची वाट आणि जुनी वाट एकमेकींपासून फार दूर असू शकत नाहीत. हे अनुमान आहे, पण भूगोलाने इतके घट्ट बांधलेले की त्याला मी जवळजवळ निश्चितीचा दर्जा देतो.

आता कागद. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून वसईकडे गेला. त्याचे पुस्तक छापून आले १६९८ मध्ये, म्हणजे प्रवासानंतर तेवीस वर्षांनी. हे अंतर लक्षात ठेवायला हवे. तरीही हा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा मजकूर आहे. त्याच्या लेखनात घोडबंदर 'ग्रेबोंडेल' या रूपात येते. एका बड्या पोर्तुगीज जमीनदाराचे, नीटनेटके बांधलेले गाव म्हणून तो त्याचे वर्णन करतो. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ठाणे, घोडबंदर आणि वसई ही ठिकाणे त्याच्या वर्णनात खाडीच्या क्रमाने, होडीतल्या माणसाला दिसतील तशी येतात. सतराव्या शतकात या तीन गावांना जोडणारा हमरस्ता पाण्याचा होता, असा त्याचा अर्थ मी लावतो. डोंगराच्या कडेने पाऊलवाट असणारच, पण होडी भरती-ओहोटीच्या हिशेबाने आरामात नेत असताना परक्या प्रवाशाने त्या वाटेची दखल घ्यावी असे काही नव्हते.

वसई आणि तिच्या ताब्यातला साष्टीसह मुलूख पोर्तुगिजांना मिळाला तो गुजरातच्या बहादूरशहाशी डिसेंबर १५३४ मध्ये झालेल्या तहाने. घोडबंदरच्या किल्ल्याच्या माहितीत पोर्तुगीज १५३० मध्ये ठाण्याला आले, असे वाक्य वारंवार छापले जाते. त्यांची आरमारी धाड आणि त्यांचा अंमल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ला बांधण्याइतका हक्क त्यांना १५३४ च्या आधी असणे शक्य नाही, एवढी खालची मर्यादा आपल्याला निश्चित आखता येते. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने घोडबंदरवर चाल केली आणि पोर्तुगिजांनी ती परतवली, ही नोंद ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. गॅझेटियर १८८२ चे, घटना १६७२ ची. मध्ये दोनशे दहा वर्षे आहेत. म्हणून ती नोंद मी फ्रायरच्या एक पायरी खाली ठेवतो. पण दोन्ही एकत्र वाचली की फ्रायर तिथून गेला तेव्हा हे गाव नुकतेच हल्ल्याच्या छायेतून बाहेर आलेले होते, हे ध्यानात येते.

पुढचा पुरावा मराठी आहे. १७३७ च्या मार्चअखेरीस चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले आणि त्याच वर्षी घोडबंदरही त्यांच्या हाती आले. या मोहिमेची पत्रे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादित केलेल्या 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' या मालेत आहेत. या मालेचे पंचेचाळीस खंड आहेत. ही पत्रे घटनेच्या काही दिवसांच्या आतली आहेत, त्यामुळे त्यांचे मोल फार. पण त्यांच्यातील मिती आणि पोर्तुगीज कागदांतील तारखा शेजारी मांडल्या की वाचक गोंधळतो.

वसई पडल्याचे उदाहरण घ्या. काही ग्रंथांत तहाची तारीख ५ मे १७३९, काहींत १६ मे १७३९. ताबा घेतल्याची तारीख एकीकडे १२ मे, दुसरीकडे २३ मे. पहिल्या नजरेला वाटते की कोणीतरी चुकले आहे. पण वजाबाकी करून पाहा. दोन्ही जोड्यांत फरक नेमका अकरा दिवसांचा आहे. पोर्तुगालने नवी ग्रेगोरियन कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली, इंग्रजांनी ती १७५२ मध्ये. अठराव्या शतकात या दोन गणनांमधले अंतर अकरा दिवसांचेच होते. मराठी मितीचे इंग्रजी तारखेत रूपांतर करताना जुनी गणना धरली की ५ आणि १२ येतात, पोर्तुगीज कागद वाचले की १६ आणि २३. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि दोन परस्परविरोधी पक्षांचे कागद अकरा दिवसांच्या हिशेबात इतके चोख जुळतात, याचा आनंद मला आजही होतो. साष्टीच्या इतिहासातली १७५२ पूर्वीची कोणतीही तारीख वाचताना ती कोणत्या गणनेची आहे हे आधी विचारावे.

या मोहिमेने रस्त्याबद्दलही काहीतरी सांगितले. मराठे साष्टीत उतरल्यावर मुंबईतले इंग्रज धास्तावले आणि १७३९ मध्ये पोर्तुगिजांच्या संमतीने त्यांनी वांद्र्याचा आग्वाद किल्ला पाडला, तो मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली माहीमची खाडी ही त्या काळी इंग्रजांची संरक्षक भिंत होती. जोपर्यंत पलीकडचा किनारा दुसऱ्याच्या ताब्यात होता, तोपर्यंत या पाण्यावर पूल किंवा बांध घालण्याचा विचार मुंबई सरकारच्या मनात येणेच अवघड. साष्टीत जाणारा रस्ता पाहिजे असेल तर आधी साष्टी पाहिजे होती.

ती त्यांनी मिळवली १७७४ च्या अखेरीस. ब्रिगेडिअर रॉबर्ट गॉर्डन याच्या हाताखालच्या फौजेने २८ डिसेंबर १७७४ ला ठाण्याचा किल्ला चढाई करून घेतला. त्या वेढ्यात कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. लेफ्टनंट कर्नल कीटिंग याच्या तुकडीने वेसाव्याचा किल्ला घेतला. इथे संशोधकासाठी एक खड्डा आहे. घोडबंदर रस्ता जिथे महामार्गाला मिळतो त्याच्या जवळच वरसावे गाव आहे, आणि तिथल्या खाडीपुलाला सर्रास 'वर्सोवा पूल' म्हणतात. १७७४ च्या इंग्रजी कागदांतला 'वर्सोवा' तो नव्हे. तो अंधेरीच्या पश्चिमेचा, समुद्रकाठचा, ज्याचा किल्ला आज मढचा किल्ला म्हणून ओळखला जातो. कीटिंगला घोडबंदरच्या वाटेवर चालवायचा मोह होतो, पण कागद त्याला आधार देत नाहीत.

पुढची कागदपत्रे तहांची. १७७५ चा सुरतेचा तह, १७७६ चा पुरंदरचा तह आणि शेवटी १७ मे १७८२ चा सालबाईचा तह. सालबाईने साष्टी कायमची कंपनीकडे राहिली. जनरल गोडार्डने डिसेंबर १७८० मध्ये घेतलेली वसई मात्र पेशव्यांना परत गेली. याचा नकाशावरचा अर्थ असा की घोडबंदरची खाडी सरहद्द झाली. दक्षिण काठ कंपनीचा, उत्तर काठ पुण्याचा. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने ज्या वसईत इंग्रजांशी तह केला, ती वसई पाण्यापलीकडची, पेशव्यांच्याच मुलखातली होती.

आणि इथे एक प्रचलित विधान कोसळते. घोडबंदर किल्ल्याच्या बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेले असते की इंग्रजांनी हा किल्ला १८१८ मध्ये घेतला आणि त्याला जिल्ह्याच्या कारभाराचे ठिकाण केले. किल्ला साष्टीत आहे. साष्टी १७७४-७५ पासून इंग्रजांच्या प्रत्यक्ष ताब्यात आणि १७८२ पासून तहाने त्यांच्या मालकीची. मग त्याच बेटावरचा किल्ला त्यांनी पुन्हा १८१८ मध्ये कोणाकडून घेतला? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि तहांचा पुरावा माहितीपत्रकांपेक्षा कितीतरी जड आहे. १८१८ हे साल इथे आले कुठून, याचा माझा अंदाज असा: १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खाडीच्या उत्तर काठचा वसईचा मुलूख कंपनीकडे आला. पलीकडच्या काठाचे साल पुढे कोणीतरी अलीकडच्या काठाला लावले असावे. 'कारभाराचे ठिकाण' याचाही उगम सापडतो. घोडबंदरच्या जुन्या पोर्तुगीज चर्चच्या घुमटदार वास्तूचा सरकारी बंगला झाल्याचे गॅझेटियर सांगते. कलेक्टर फिरतीवर उतरायचा तो बंगला आणि जिल्ह्याचे मुख्यालय यांत फार फरक आहे. मुख्यालय ठाण्यालाच होते.

हा केवळ सालाचा वाद नाही. १८१८ पूर्वी घोडबंदरला जाणारा रस्ता सरहद्दीवर जाऊन संपत होता. पलीकडे दुसऱ्याचे राज्य होते. १८१८ नंतर तोच रस्ता खाडी ओलांडून वसई आणि पुढे गुजरातच्या दिशेने जाऊ शकत होता. रस्ता बांधायला सरकारला कारण मिळाले ते त्यानंतर. घोडबंदर हे नाव दोन रस्त्यांना मिळण्याचा उलगडा मला इथे दिसतो: दोन्ही रस्त्यांचे शेवटचे ठिकाण किल्ला नव्हते, वसईला जाणारी होडीची तर होती.

आता मुंबईच्या बाजूने येऊ. मुंबई बेटावरून साष्टीत पाय न भिजवता जाण्याची पहिली सोय म्हणजे शीवचा बांध. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत तो बांधला गेला. सुरुवात १७९८ ची दिली जाते. पूर्ण झाल्याचे साल कुठे १८०३, कुठे १८०५. अशा कामांत वाहतूक सुरू होण्याचे वर्ष आणि काम संपल्याचे वर्ष वेगळे असते, हे ध्यानात घेतले की विरोध बराच विरतो. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२६ मध्ये, हा बांध रुंद करण्यात आला. सालबाईचा तह १७८२ चा आणि बांधाची सुरुवात सोळा वर्षांनी. आधी साष्टी हाती, मग रस्ता, हा क्रम इथे कागदावरच दिसतो. १८२६ ची रुंदी वाढवणेही अर्थपूर्ण आहे. वसई मिळाल्याला तेव्हा आठेक वर्षे झाली होती, आणि ठाणे हे वाढलेल्या उत्तर कोकणचे ठाणे झाले होते.

शीवच्या बांधावरून कुर्ला, भांडुप, मुलुंड करत ठाणे गाठायचे, तिथून खाडीकाठाने घोडबंदर. मुंबईहून निघालेल्या चाकाच्या गाडीला होडीत न चढता घोडबंदरला पोहोचण्याचा हा राजमार्ग होता. साष्टीच्या आतल्या कच्च्या वाटांनी कोणी कुर्ल्याहून अंधेरीकडे वळत असेल, तेही शक्य आहे. पण माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पाणी होते आणि ते ओलांडायला होडीच होती. म्हणून १८०५ ते १८४५ या चाळीस वर्षांत ठाण्याकडची वाट पुढे आणि वांद्र्याकडची मागे, असे मी मानतो. हे अनुमान आहे. त्याचा आधार बांधांच्या तारखा.

माहीमच्या बांधाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. तपशील मात्र हलते आहेत. सुरुवात १८४१ म्हणणारे आहेत, १८४३ म्हणणारे आहेत. पूर्तता १८४५ किंवा १८४६. निश्चित एवढे की पैसा मुख्यतः अवाबाईंनी, म्हणजे जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नीने दिला, आराखडा लेफ्टनंट क्रॉफर्ड याचा, आणि बांध १८४५ मध्ये, सर जॉर्ज आर्थर गव्हर्नर असताना, लोकांसाठी खुला झाला. रकमेचा आकडा सहसा १,५७,००० रुपये असा छापला जातो आणि तो संपूर्ण खर्च मानला जातो. जुन्या सरकारी धाटणीच्या नोंदी मात्र एकूण खर्च दोन लाखांहून थोडा जास्त आणि त्यातले दीड लाखांच्या वरचे अवाबाईंचे, असे सांगतात. मला दुसरे अधिक पटते. लोककथा देणगी आणि खर्च यांची बेरीज सोपी करून टाकते, हिशेबनीस तसे करत नाही.

अवाबाईंच्या नावातूनही काळाचा एक धागा मिळतो. बांधाशी त्यांचे नाव 'लेडी जमशेटजी' असे जोडलेले आहे, आणि माहीमकडून दादरला जाणारा रस्ताही त्याच नावाचा. जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला १८४२ मध्ये. म्हणून १८४१ चा असा एखादा कागद कोणी दाखवला, ज्यात अवाबाईंना लेडी म्हटले आहे, तर तो कागद नंतर लिहिलेला किंवा नंतर नकललेला समजावा. १८४१ ला मागणी आणि बोलणी, १८४३ ला प्रत्यक्ष काम, अशी मांडणी केली तर सर्व नोंदींना जागा मिळते. देणगीला जोडलेली अट सर्वत्र सारखी सांगितली जाते: या बांधावरून जाणाऱ्यांकडून सरकारने पथकर घेऊ नये. कोळी, भंडारी, स्थानिक ख्रिस्ती, भाजी आणि दूध घेऊन मुंबईत येणारी साष्टीची माणसे यांच्यासाठी त्या अटीचे मोल पैशाइतकेच मोठे होते. पुढे ठाण्याकडच्या घोडबंदर रस्त्यावर, गायमुखजवळ, वाहनांनी वर्षानुवर्षे पथकर भरला. ही अट वाचताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

१८४५ नंतर वांद्र्याहून उत्तरेला सलग गाडीरस्ता होण्यातली मोठी अडचण दूर झाली. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, गोरेगाव, मालाड, बोरिवली, दहिसर, आणि शेवटी घोडबंदर. पश्चिम अंगाच्या घोडबंदर रस्त्याला सलग गाडीरस्ता म्हणून अर्थ आला तो या सालानंतर. दोन्ही रस्त्यांच्या वयाचा निवाडा इथे करता येतो. ठाण्याचा थोरला, वांद्र्याचा धाकटा, निदान मुंबईहून चाकावर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने.

धाकट्याच्या वाट्याला वैभवाचे दिवस फार आले नाहीत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८६४ च्या नोव्हेंबरात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने वसईची खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत लोहमार्ग आणला. १२ एप्रिल १८६७ ला या मार्गावर विरारकडून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुरू झाली. त्या काळच्या स्थानकांच्या यादीत बोरिवली आहे, पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव आहे, खाडीतल्या बेटावरचे पांजू आहे. घोडबंदर नाही. रेल्वेने खाडी ओलांडली ती भाईंदरकडून पांजू बेटावरून, घोडबंदरच्या पश्चिमेला. वसईला जाण्यासाठी तरीवर यायचे कारण त्या दिवशी संपले. स्थानकांची ती छोटी यादी माझ्या दृष्टीने या सगळ्या दप्तरातला सर्वांत बोलका कागद आहे. तिच्यात नसलेल्या एका नावाने दोन रस्त्यांचे भवितव्य ठरवले.

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले, १८८२ मध्ये निघाले. म्हणजे लोहमार्गानंतर अठरा वर्षांनी. त्यातले घोडबंदर हे खाडीकाठचे लहान बंदर आहे, पडकी पोर्तुगीज बांधकामे आणि सुंदर देखावा असलेले. फ्रायरचे भरलेले गाव आणि कॅम्पबेलचे हे गाव यांच्यात दोनशे वर्षे आहेत, आणि त्या दोनशे वर्षांत पोर्तुगीज गेले, मराठे आले आणि गेले, सरहद्द आली आणि गेली, आणि शेवटी आगगाडी बाजूने निघून गेली. रस्ता मात्र नावानिशी उरला. ठिकाण ओसरल्यावरही त्याचे नाव रस्त्यावर टिकते, कारण नाव लोकांच्या तोंडी आणि सरकारी रजिस्टरांत दोन्हीकडे बसलेले असते.

राहिला शेवटचा प्रश्न, एकाच नावाचे हे दोन रस्ते दोन वेगळ्या खात्यांत कसे गेले याचा. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. पश्चिमेचा रस्ता बहुतांशी नव्या जिल्ह्यात गेला, पूर्वेचा ठाणे जिल्ह्यात राहिला. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. भारतातल्या रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते ही उतरंड तिथल्या 'नागपूर आराखड्या'ने रूढ केली. प्रांतिक महामार्ग म्हणजेच पुढचे राज्य महामार्ग. तेव्हा घोडबंदर रस्त्याला 'राज्य महामार्ग' हा शिक्का १९४३ पूर्वीचा असू शकत नाही. त्याआधीच्या कोणत्याही काळाबद्दल लिहिताना तो शब्द वापरणे कालविपर्यास ठरतो. पुढे १९५० आणि १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दोन टप्प्यांत वाढली. दुसऱ्या टप्प्यात ती पश्चिमेला दहिसरपर्यंत पोहोचली. वांद्रे ते दहिसर हा संपूर्ण तुकडा त्यामुळे शहरातला रस्ता झाला आणि कालांतराने त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले. दहिसरपलीकडचा, काशीमिऱ्यावरून घोडबंदरकडे जाणारा तुकडा अहमदाबाद महामार्गाने पोटात घेतला, असे नकाशावरून दिसते. पूर्वेचा रस्ता महापालिकेच्या हद्दीबाहेर राहिला. ठाणे महानगरपालिका झाली तीच मुळी १९८२ मध्ये. तोपर्यंत दोन राष्ट्रीय महामार्गांना जोडणारा दुवा म्हणून तो राज्याच्या यादीत पक्का बसला होता. पश्चिमेकडे नाव पुसले गेले आणि पूर्वेकडे राहिले, याचे कारण महापालिकेची ती १९५७ ची हद्द. हा माझा निष्कर्ष आहे, आणि वरील सालांवर तो उभा आहे.

खाडीवर रस्त्याचा पूल झाल्यावर घोडबंदरला पुन्हा महत्त्व आले. ज्या ठिकाणी फ्रायरच्या काळी होड्या लागत, त्याच परिसरात आज गुजरातकडून येणारे मालट्रक ठाण्याकडे वळतात. भूगोलाने नेमून दिलेली जागा शंभर वर्षे बाजूला पडली आणि परत आली. आता तिच्यावर नवे काम सुरू आहे. वडाळा-कासारवडवली मेट्रो आणि तिचा गायमुखपर्यंतचा विस्तार याच रस्त्यावरून जातो. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून ठाणे आणि बोरिवली यांना जोडणाऱ्या जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. ठाण्याहून बोरिवलीला जायला घोडबंदरचा वळसा घ्यावा लागतो, ही अट तो बोगदा पुरा झाल्यावर सैल होईल.

या कामांत रस्त्याच्या दोन्ही कडा उकरल्या जात आहेत, आणि मैलाचे दगड, जुन्या मोऱ्यांची बांधणी, शेताच्या हद्दीच्या खुणा अशा कडांवरच असतात. मुंबई शहरात ब्रिटिशकालीन मैलाचे दगड पदपथांखालून बाहेर आले आहेत, तसे इथेही येऊ शकतील. कागदांचेही तसेच आहे. मानपाडा, वाघबीळ, ओवळे, कासारवडवली, भाईंदरपाडा, चेना, वरसावे या गावांतल्या अनेक घरांत रस्त्यासाठी जमीन गेल्याच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, जुने गावनकाशे आणि फेरफाराचे उतारे पेटीत पडून असतील. आजोबांची किती गुंठे जमीन कोणत्या साली रस्त्यात गेली, हे सांगणारा एक उतारा रुंदीकरणाच्या इतिहासात एखाद्या छापील ग्रंथापेक्षा जड ठरतो. घर बदलताना किंवा इमारत पुनर्विकासाला देताना हे कागद रद्दीत घालू नका. त्यांच्या प्रती काढून तारखेसह स्थानिक ग्रंथालयात किंवा इतिहास मंडळात द्या, आणि खोदकामात कोरलेला दगड दिसला तर तो हलवण्याआधी जागेवरच त्याचे छायाचित्र घ्या.